ईएनटी शल्यचिकित्सक राहून संशोधन करता येते का?

तुम्ही मुंबईत ईएनटीच्या एमएसच्या पहिल्या वर्षाला आहात, प्रबंधाचा विषय ठरवायचा आहे आणि पुढे संशोधनात राहायचे तर शस्त्रक्रिया सोडून प्रयोगशाळेत जावे लागेल का, असे तुम्ही विचारले आहे. सोडावी लागत नाही. संशोधनाचे उत्तम प्रश्न शस्त्रक्रिया करणाऱ्यालाच सापडतात, अशी पंचवीस वर्षांच्या कामानंतर माझी खात्री आहे; मात्र शस्त्रक्रियेनंतर रुग्णाचा माग सोडायचा नाही, एवढे पथ्य पाळावे लागते.

प्रयोगशाळेची वाटही आहेच. ऑस्ट्रेलियाचे ग्रॅम क्लार्क हे कानाचे शल्यचिकित्सक. त्यांनी चालता व्यवसाय सोडून श्रवणचेतेच्या विद्युत उद्दीपनावर काम केले, १९६९ साली पीएचडी मिळवली आणि १९७८ साली मेलबर्नमध्ये आपले पहिले कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू न येणाऱ्यांच्या आतल्या कानात बसवायचे विद्युत उपकरण) बसवले. पण त्यांनाही अडवले ते सर्जनच्याच प्रश्नाने: आतल्या कानाच्या वेटोळ्या कॉक्लिआत इलेक्ट्रोडची तार खोलवर सरकवायची कशी? समुद्रकिनारी त्यांनी एका शंखात गवताची पाती घालून पाहिली, तेव्हा टोकाला लवचीक आणि बुंध्याशी ताठ असलेली पाती वळत वळत आत गेली.

तुमच्यासाठी मात्र परळचे उदाहरण अधिक उपयोगी आहे. तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण तुम्ही ओपीडीत पाहतच असाल. तोंडातली गाठ लहान आहे आणि मानेत हाताला काहीच लागत नाही, अशा रुग्णाच्या मानेतल्या लसीकाग्रंथी त्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात की मानेत गाठ दिसेपर्यंत थांबावे, यावर सर्जनांमध्ये अनेक दशके मतभेद होते. काढल्या तर कित्येकांच्या मानेवर विनाकारण शस्त्रक्रिया होते आणि खांद्याला त्रास होऊ शकतो. थांबले तर रोग पसरल्याचे उशिरा कळण्याची भीती असते. परळच्या टाटा मेमोरियल या कर्करोग रुग्णालयात अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात ५९६ रुग्णांना यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, दोन गटांत विभागले. पहिल्या ५०० रुग्णांच्या विश्लेषणात तीन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण, ग्रंथी आधीच काढलेल्या गटात ८० टक्के आणि थांबलेल्या गटात ६७.५ टक्के आढळले. २०१५ साली हा निबंध ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. मला तो वाचताना प्रत्येक वेळी भरून येते, कारण प्रश्न आपल्या ओपीडीतला, शस्त्रक्रिया नेहमीच्याच, आणि तरीही उत्तर मिळाले ते इतकी वर्षे एकेका रुग्णाचा हिशेब ठेवल्यामुळे.

हा हिशेब ठेवणे किती अवघड आहे, ते मी माझ्या प्रबंधात शिकले. विषय कानाचा फाटलेला पडदा दुरुस्त करण्याचा होता: टेम्पोरॅलिस फॅशियाचे (कानशिलाच्या स्नायूवरच्या पातळ आवरणाचे) कलम आणि कूर्चेचे कलम यांनी सहा महिन्यांनंतर ऐकण्यात किती फरक पडतो. शस्त्रक्रिया वेळेवर झाल्या, पण ऑडिओग्रामला (ऐकण्याच्या चाचणीला) रुग्ण येईनात. कान वाहायचा थांबला आणि बरे ऐकू येऊ लागले की रोजंदारी बुडवून कोण येणार? उलट ज्याचा पडदा पुन्हा फाटला तो एकतर तक्रार घेऊन येतो किंवा कंटाळून दुसरा डॉक्टर गाठतो. त्यामुळे जे आले तेवढ्यांवरून काढलेली टक्केवारी कोणत्या बाजूला झुकली आहे, हेही सांगता येत नाही. मी जवाबी पोस्टकार्डे पाठवली. त्यांतली बरीच तशीच परत आली, कारण केसपेपरवरचा पत्ता मुंबईतल्या नातेवाइकाच्या खोलीचा होता आणि रुग्ण केव्हाच गावी गेला होता. तेव्हापासून संमतीपत्र घेतानाच मी गावचा पत्ता, शेजाऱ्याचे नाव आणि पेरणी-कापणीचे महिने विचारू लागले. आज त्यात दोन मोबाइल क्रमांकांची भर पडली आहे.

म्हणून सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) लिहिण्यापूर्वी विभागाची ऑपरेशनची नोंदवही काढा आणि दीड-दोन वर्षांपूर्वी टिम्पॅनोप्लास्टी (पडद्याच्या दुरुस्तीची शस्त्रक्रिया) झालेल्यांपैकी किती रुग्ण सहा महिन्यांनी ऑडिओग्रामला आले होते, ते स्वतः मोजा. आकडा लहान निघाला, तर ज्याचे उत्तर रुग्ण वॉर्डात असतानाच मिळेल असा प्रश्न घ्या, किंवा ऑडिओलॉजिस्टशी बोलून फेरतपासणीसाठी रुग्णांच्या सुट्टीचा वार मागून घ्या. मग संख्याशास्त्रज्ञाकडे जा, आणि तेही पहिला रुग्ण अभ्यासात घेण्याआधी.