जर्मनीला दोघांनी जायचंय ना, मग आधी बायकोचा सीव्ही काढा

तुम्ही लिहिलंय की दोघं ऐरोलीत राहता, तुम्ही माइंडस्पेसमध्ये मॅन्युअल टेस्टिंगला, बायको रबाळे एमआयडीसीत पीएलसी ऑटोमेशनला (पीएलसी म्हणजे कारखान्यातली मशीन चालवणारा कंट्रोलर), आणि प्लॅन असा की तुम्ही ब्लू कार्डवर, म्हणजे डिग्रीवाल्या परदेशी माणसाला मिळणाऱ्या नोकरीच्या परमिटवर, जर्मनीत यायचं, ती डिपेंडंट म्हणून मागून येणार आणि तिच्या नोकरीचं "तिकडे गेल्यावर बघू". मी मूळची ठाण्याची, आता न्यूर्नबर्गला असते. मला विचाराल तर हा प्लॅन उलटा करा.

मॅन्युअल टेस्टर कंपनीला इथेच मिळतो हो, त्यासाठी भारतातून माणूस आणायचा, व्हिसाची वाट बघायची, कशाला करतील? त्यात आत्ता इथलं गाड्यांचं मार्केट थंड आहे, फोक्सवागनने २०२४ च्या डिसेंबरमध्ये युनियनशी करार करून २०३० पर्यंत ३५ हजारांच्या वर नोकऱ्या कमी करायचं ठरवलं, त्याचा धक्का सप्लायर आणि त्यांच्या सॉफ्टवेअर टीमपर्यंत जातोच. उलट पीएलसीवाल्यांचं वेगळं आहे. बव्हेरिया आणि स्टुटगार्टच्या आसपास पॅकेजिंग मशीन, कन्व्हेयर, असलं काय काय बनवणाऱ्या कंपन्या आहेत, कितीतरी जणांची नावं आपण ऐकलेलीही नसतात, आणि बऱ्याच जणांकडे सीमेन्सचे कंट्रोलर. तुमची बायको टीआयए पोर्टलवर, म्हणजे ते कंट्रोलर प्रोग्रॅम करायच्या सीमेन्सच्या सॉफ्टवेअरवर, काम करते आणि साइटवर जाऊन कमिशनिंगही करते, म्हणजे मशीन चालू करून देते, हे तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंय, ते सीव्हीत सगळ्यात वर पाहिजे! जॉब शोधताना पीएलसी नाही, एसपीएस टाका, इथे तेच म्हणतात. इथे न्यूर्नबर्गला दर नोव्हेंबरला याच नावाचं ऑटोमेशनचं मोठं प्रदर्शन भरतं, त्यांच्या साइटवरची एक्झिबिटर लिस्ट उघडा आणि एकेका कंपनीचं करिअर पेज बघत जा, लिंक्डइनवर नुसतं ईझी अप्लाय दाबत बसण्यापेक्षा हे बरं.

आता अडचण. बर्लिनच्या आयटी कंपन्या इंग्लिशवर चालतात, ऑटोमेशन नाही चालत. मशीन बंद पडलं की तिथला फिटर जर्मनमध्येच बोलणार आणि सेफ्टीच्या सूचनाही जर्मनमध्येच असणार. त्यामुळे तिला बी-१ पातळीचं जर्मन पाहिजे, आणि ती तयारी भारतात असतानाच करायची. मॅक्सम्युलर भवन, म्हणजे गोएथे इन्स्टिट्यूटचं मुंबईतलं केंद्र, काळाघोड्याला आहे, ऐरोलीहून शनिवार-रविवार तेवढं जाणं जिवावर येईल, ऑनलाइन बॅच घ्या, परीक्षा मात्र गोएथेचीच द्या. नोकरी सांभाळून बी-१ ला वर्ष धरून चला, तीन महिन्यांत बी-१ म्हणणाऱ्या क्लासवाल्यांकडे पैसे घालवू नका. आणि तुम्हीही तिच्यासोबत बसा. ब्लू कार्डवाल्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला व्हिसासाठी भाषेची अट नसते हे खरं, पण दुकानात, डॉक्टरकडे, इंटरव्ह्यूत ती अट आपोआप लागते.

ब्लू कार्डचा पगार बघा. इंजिनियर आणि आयटी हे टंचाईच्या यादीत आहेत म्हणून त्यांना मर्यादा कमी, २०२५ साठी वर्षाला ४३,७५९.८० युरो ग्रॉस होती, बाकीच्यांना ४८,३००. दर जानेवारीला बदलते, तेव्हा अर्ज कराल त्या वर्षीचा आकडा बघा. डिग्री अनाबिन नावाच्या डेटाबेसमध्ये शोधायची, तिथे कॉलेजचं नाव नाही, मुंबई युनिव्हर्सिटी बघायची, एच प्लस, म्हणजे मान्यता असल्याचा शेरा, पाहिजे आणि खाली तुमची डिग्रीही जुळायला हवी. नाही जुळली तर झेडएबी या परदेशी डिग्र्या तपासणाऱ्या सरकारी कार्यालयाकडून सर्टिफिकेट घ्यायचं, २०८ युरो. चान्सेनकार्टे म्हणजे नोकरी शोधायला वर्षभर येण्याचा व्हिसा, जून २०२४ पासून सुरू झालाय, पण त्यात आठवड्याला २० तासच काम करता येतं आणि राहण्या-खाण्याचे पैसे आधीच दाखवावे लागतात, हातातली नोकरी सोडून यायला मी तरी तो सांगणार नाही.

ती ब्लू कार्डवर आली की तुम्हाला जोडीदाराच्या परमिटवर पहिल्या दिवसापासून कुठलंही काम करता येतं, पगाराची किमान मर्यादा नाही. म्हणजे कमी पगाराची, पार्टटाइम, कशीही सुरुवात करता येते, आणि तुम्हाला काम लागेपर्यंत तिच्या सरकारी हेल्थ इन्शुरन्समध्ये तुम्ही फुकट बसता. निघायच्या आधी भारतातच प्लेराइट किंवा सेलेनियम या ऑटोमेटेड टेस्टिंगच्या टूलवर हात बसवा, टेस्टिंगचं आयएसटीक्यूबी सर्टिफिकेट करून ठेवा, त्याला इथे मान आहे. टॅक्सचं सांगायचं तर पगारातून टॅक्स कापायचे इथे क्लास असतात, एकाचीच कमाई असताना तिला क्लास ३, तुम्हाला ५ घ्या, दर महिन्याला हातात बराच फरक पडतो.

कागदांचं आत्ताच बघा. तिच्या मार्कशीटवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आधारवर मधलं नाव तिसरंच, हे आपल्याकडे घरोघरी असतं आणि व्हिसात नेमकं तिथेच अडकतं. लग्नाची नोंद झाली नसेल तर पालिकेच्या विभाग कार्यालयात करून घ्या, पत्रिका आणि फोटोवर काही होत नाही. पासपोर्टमध्ये नाव बदलायचंच असेल तर अप्लाय करायच्या आधी, मध्येच नको.

ऐरोलीचा फ्लॅट भाड्याने देणार म्हणताय, तर एनआरआय मालकाला भाडं देताना भाडेकरूला ३० टक्क्यांच्या वर टीडीएस कापून भरावा लागतो, बरेच भाडेकरू हे ऐकून पळतात, आधी सीएला विचारा. सेव्हिंग खातं एनआरओ (एनआरआयचं भारतातल्या कमाईसाठीचं खातं) करावं लागेल, पीपीएफ मुदतीपर्यंत चालतं पण वाढवता येत नाही.

इथे आल्यावर पहिलं घर घेताना एकच विचारा, या पत्त्यावर आन्मेल्डुंग होईल का. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करायची असते, त्याला मालकाचं पत्र लागतं, आणि नोंद नाही तर टॅक्स नंबर नाही, बँकही कुरकुरते. फर्निचर असलेलं घर काही महिन्यांसाठी घ्या, कारण रिकाम्या फ्लॅटमध्ये इथे बऱ्याचदा किचनसुद्धा नसतं, ओटा-सिंक सगळं आपण आणायचं!

राजीनामा व्हिसा पासपोर्टवर लागल्यावरच. ९० दिवसांच्या नोटिसची भीती नको, इथेही तीन महिने कॉमन आहे, कंपन्या थांबतात. बायकोला एकूण अनुभव किती आणि सीमेन्सच्या एस७-१५०० कंट्रोलरवर किती काम केलंय ते लिहा, म्हणजे पगार किती मागायचा ते सांगते.