चिनी साधना-कादंबऱ्यांतली तलवार ‘मालकाला ओळखते’, हे खरंच जुन्या परंपरेतलं आहे का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. पहिली, ‘शिआनश्या’ कथांमध्ये, म्हणजे साधना करून अमर होऊ पाहणाऱ्या शूरांच्या कथांमध्ये, नायकाची तलवार त्याला ओळखते, परक्याच्या हातात रुसून बसते, प्रसंगी मालकाला सोडूनही जाते. ही लेखकांची थाप आहे की चीनमध्ये खरंच असं मानत? दुसरी, ज्या कथांत पानोपानी गुरुनिष्ठा, पितृभक्ती आणि न्यायाचा घोष चालतो, तिथले सज्जन नायक इतक्या सहज मुंडकी कशी उडवतात?

मी या कादंबऱ्या पाच-सहा वर्षं मोबाईलवर वाचतोय, बहुतेक लोकलमध्ये उभ्यानं आणि इंग्रजी भाषांतरातून. मधे वर्षभर चिनीचा क्लास लावला होता. तो सुटला, पण त्या नादात जुन्या चिनी गोष्टी वाचायची खोड लागली. म्हणून पहिल्याचं उत्तर लगेच देऊन टाकतो: कल्पना जुनी आहे, निदान दोन हजार वर्षांची. फक्त तलवार माणसात काय ओळखते, ते बदललंय.

आधी एक खुलासा. भाषांतरात सगळ्यालाच ‘तलवार’ म्हणतात, पण चिनीत दोन वेगळे शब्द आहेत. ‘दाओ’ एकधारी, बहुधा वाकडी. ‘ज्येन’ सरळ आणि दुधारी. खंडोबाचा खांडा डोळ्यांसमोर आणा, पण बारीक आणि हलका. ज्येनला ‘शस्त्रांमधला सज्जन’ म्हणायची रीत आहे. साधना करणाऱ्या नायकाच्या पाठीवर जवळजवळ नेहमी ज्येनच असते. दाओ आली की समजावं, हा गडी जरा रांगडा निघणार.

आता सोडून जाणारी तलवार. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान राजवटीतल्या ग्रंथांत ओउ येझ नावाच्या लोहाराची गोष्ट आहे. त्याने घडवलेल्या पाच तलवारींपैकी ‘झान्लू’ ही वू देशाच्या हेल्यू राजाकडे आली. (वू, छू, यूए ही तेव्हाच्या चीनमधली एकमेकांशी भांडणारी राज्यं.) राजाची मुलगी वारली, तेव्हा त्याने तिच्या सोबतीला जिवंत माणसं मारून पुरली. झान्लूला हे सोसवलं नाही. ती पाण्यासारखी निसटली आणि छू देशाचा राजा सकाळी जागा झाला तर ती त्याच्या उशाशी! आजच्या कादंबऱ्यांत तलवार रक्ताचा थेंब घेऊन मालकाला ओळखते, त्याचं घराणं तपासते, शक्ती मोजते. झान्लूने यातलं काहीच पाहिलं नव्हतं. हेल्यू बलाढ्यच होता, घराणंही राजाचंच. तिने पाहिली ती त्याची करणी.

पण माझी सगळ्यात आवडती गोष्ट जी झा याची आहे. तिच्यात तलवार म्यानातून एकदाही बाहेर येत नाही. हा वू देशाचा राजपुत्र, गादी मिळत असून नाकारलेला. इ. स. पू. ५४४ च्या सुमारास तो राजदूत म्हणून निघाला आणि वाटेत शू नावाच्या लहानशा राज्यात थांबला. तिथल्या राजाला त्याची तलवार फार आवडली, पण मागायची कशी म्हणून तो गप्प राहिला. जी झाच्या ते लक्षात आलं. मात्र पुढे मोठमोठ्या दरबारांत जायचं होतं, तलवारीवाचून दूत शोभला नसता. परत येताना देऊ, असं त्याने मनातल्या मनात ठरवलं. परत आला तर शूचा राजा वारलेला. जी झाने तलवार सोडली आणि थडग्याजवळच्या झाडाला टांगली. बरोबरचा माणूस म्हणाला, अहो, राजा गेला, देताय कोणाला? जी झाचं म्हणणं असं, की मी मनात शब्द दिला होता, तो मेला म्हणून माझ्याच मनाशी बेइमानी करू?

नीट पाहा, त्याने कोणाला काही बोलून दाखवलंच नव्हतं. शब्द मोडला असता तर जगात कुणाला कळलं नसतं. कन्फ्यूशियसच्या परंपरेत माणुसकी, न्याय, आचार, विवेक आणि ‘शिन’ असे पाच सद्गुण मोजतात. शिन म्हणजे आपल्या भाषेत शब्दाला जागणं. तलवारींच्या जुन्या गोष्टींत मला पाचांपैकी हाच सद्गुण सगळ्यात जास्त वेळा भेटतो.

साधना-कादंबऱ्यांत हाच धागा वेगळ्या वेषात येतो. पात्रं ‘हृदयातल्या राक्षसाची’ शपथ घेतात. शपथ मोडली तर कोणी शिक्षा करत नाही, पण पुढच्या पायरीवर चढताना तोच राक्षस आडवा येतो आणि साधना कायमची अडते. जी झाने जे आपणहून पाळलं, ते इथे यंत्रणेत बसवलंय. गंमत म्हणजे त्या राक्षसाला चिनीत ‘मो’ म्हणतात, आणि ते अक्षर बौद्ध ग्रंथांची भाषांतरं करताना आपल्या संस्कृत ‘मार’साठी तयार झालं. बोधिवृक्षाखाली बुद्धाला छळायला आलेला तोच मार.

साधनेच्या या पायऱ्यांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर वाचक नाहक डोकं शिणवतात. पाया रचणं, सुवर्णगुटिका, आत वाढणारं बालक ही नावं ताओ मतातल्या आंतरिक किमयेतून उचललेली आहेत. झांग बोदुआनने त्या विद्येवर काव्य रचलं ते १०७५ च्या सुमारास. शरीरालाच भट्टी मानून प्राण शिजवायचा, असा प्रकार. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातलं कुंडलिनीचं वर्णन वाचलेल्या माणसाला हे फार परकं वाटणार नाही. मूळ ग्रंथांत मात्र नववी पातळी, दहावी पातळी असला हिशेब नाही. तो व्हिडिओ गेमकडून आलाय, असं माझं मत.

आणि साधकाच्या पाठीवर तलवार का, तर तीही ताओ मतातलीच. सहाव्या शतकात वारलेल्या ताओ होंगजिंगसारख्या साधकांना तलवारी घडवण्यात रस होता तो लढाईसाठी नव्हे. सिद्ध पुरुष निघून जातो आणि मागे उरलेली तलवार त्याच्या प्रेताचं रूप घेते, लोक तिलाच पुरतात, अशी समजूत होती. ताओ मतात पूजल्या जाणाऱ्या आठ अमर सिद्धांपैकी ल्यू दोंगबिनच्या पाठीवरची तलवारसुद्धा लोभ, वासना आणि अज्ञान कापायची. तिने शत्रूच्या पंथातले तीनशे शिष्य एका झटक्यात कापल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

इथून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. ‘शिआनश्या’मधला ‘श्या’ म्हणजे गरिबाच्या बाजूने उभा राहणारा, कायदा न जुमानणारा शूर. कडक कायद्याचा कैवारी असलेल्या हान फेई या विचारवंताने फार पूर्वी कुरकूर केली होती की कन्फ्यूशियसवाले विद्येने कायदा बिघडवतात आणि हे श्या लोक शस्त्राने बंदी मोडतात. इतिहासकार सिमा च्येनने उलट त्यांची तरफदारी केली: बोलतील ते पाळतात, हाती घेतलं ते तडीस नेतात, जिवाची पर्वा करत नाहीत. म्हणजे श्या आणि सज्जन हे एक नव्हेतच. त्यात भर म्हणून आचारग्रंथच सांगतो, की बापाला मारणाऱ्यासोबत एका आकाशाखाली राहू नये. आणि ‘एक दिवस गुरू, जन्मभर पिता’ अशी म्हण असल्यावर गुरूचा सूडही शिष्याच्या गळ्यात पडतो. नायक मुंडकी उडवतो तेव्हा तो सद्गुण विसरलेला नसतो. एका सद्गुणापायी दुसऱ्याचा बळी देत असतो. चांगल्या लेखकाला हे कळतं. वाईट लेखकाला फक्त मुंडकी दिसतात.

सूडाची गोष्ट कशी सांगावी, तर चौथ्या शतकातल्या गान बाओच्या संग्रहातली पाहा. गान ज्यांग आणि मो ये हे तलवारी घडवणारं जोडपं. (मो येची आणखी एक कथा आहे: धातू वितळेना, तेव्हा तिने आपले केस आणि नखं भट्टीत टाकली.) राजासाठी तलवारी घडवायला तीन वर्षं लागली म्हणून राजाने गान ज्यांगला मारलं. त्याने जोडीतली एक तलवार लपवून ठेवली होती. मुलगा मोठा झाला, तलवार त्याला सापडली, पण राजाने त्याच्या डोक्यावर इनाम लावलं. डोंगरात एक अनोळखी माणूस भेटला. म्हणाला, तुझं मुंडकं आणि तलवार मला दे, मी सूड घेतो. मुलाने तिथल्या तिथे स्वतःचं मुंडकं उतरवून दोन्ही हातांनी पुढे केलं, आणि धड उभंच राहिलं. ‘मी तुला फसवणार नाही,’ असं तो माणूस म्हणाला तेव्हा कुठे ते खाली कोसळलं. पुढे उकळत्या कढईत मुलाच्या मुंडक्यासोबत राजाचं मुंडकं पडतं आणि त्या परक्याचंही. तिन्ही इतकी शिजतात की कुठलं कोणाचं हे ओळखू येत नाही, म्हणून राजाला दोघांसोबतच पुरावं लागतं. मुलाला कसली पातळी नाही, वर अमरत्वही नाही. ते उभं राहिलेलं धड मला हजार प्रकरणांच्या कादंबऱ्यांत परत दिसलं नाही.

खरी तलवार पाहायची असेल तर वुहानमधल्या हूबेई प्रांताच्या संग्रहालयात यूए देशाच्या गोउज्येन राजाची आहे. १९६५ मध्ये सापडली. काशाची, सुमारे ५६ सेंटिमीटर लांब, पात्यावर चौकटींची नक्षी, पक्ष्यांच्या आकाराच्या आठ अक्षरांत राजाचं नाव, आणि अडीच हजार वर्षांनंतरही जवळजवळ गंज नाही. या गोउज्येनने अपमान विसरू नये म्हणून पित्त चाखत दिवस काढले, शेवटी वू देश बुडवला, आणि मग ज्याच्या सल्ल्याने जिंकला त्या वन झोंग मंत्र्याला तलवार पाठवली, स्वतःला मारून घे म्हणून. गोउज्येनची ही तलवार यूएमध्ये नाही सापडली. सापडली ती छू देशातल्या एका कबरीत. अभ्यासक म्हणतात की लग्नात आंदण गेली असेल, नाहीतर लढाईत लुटली असेल. झान्लूची गोष्ट वाचलेल्याला तिसरं कारणही सुचतंच.