समलिंगी स्त्रियांच्या आयुष्यावरचा आणि हक्कांच्या लढ्यावरचा कोणता माहितीपट घरच्यांना दाखवावा?

मोर्चे-घोषणांचा माहितीपट पहिल्यांदा लावूच नका. ‘ईडी अँड थिया : अ व्हेरी लाँग एंगेजमेंट’ (2009) लावा. दोन म्हाताऱ्या बायका जुने फोटो बघत आपला संसार सांगतात.

मी तो आई आणि ताईबरोबर पाहिला. त्याआधी काही महिने माझ्या जोडीदाराचं ऑपरेशन झालं होतं. फॉर्मवर ‘रुग्णाशी नातं’ या रकान्यात मी ‘मैत्रीण’ लिहिलं, तर ‘घरचं कुणी नाही का?’ म्हणून मला बाहेर बसवलं. 12 वर्षं एका घरात राहतोय आम्ही. सही करायला तिचा भाऊ आला, जो 4 वर्षं तिच्याशी बोलला नव्हता. यावर ताई म्हणाली, “तुम्ही एकत्र राहता, कोण अडवतंय? कागदाचा हट्ट कशाला?”

थियाने 1967 मध्ये ईडीला लग्नाची मागणी घातली ती अंगठी देऊन नव्हे, हिऱ्यांचा गोल ब्रोच (कपड्यावर लावायची पिन) देऊन. ईडी आयबीएममध्ये प्रोग्रॅमर होती. बोटात अंगठी दिसली की ऑफिसात विचारणार, कोण तो? हे ऐकलं आणि आई म्हणाली, “जरा थांबव.” मग माझ्या गळ्यातल्या साखळीकडे बघत विचारलं, “तुझी अंगठी यात असते ती म्हणूनच?” मी हो म्हटलं. ती पुढे काही बोलली नाही, पण शेवटपर्यंत बसली. थियाला मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे हळूहळू हालचाल कमी करणारा मज्जासंस्थेचा आजार होता. ईडी व्हीलचेअरवर तिच्या मांडीत बसते आणि दोघी नाचतात, तिथे आईने डोळे पुसले.

ताई म्हणाली, “गोड आहे, पण यात लढा कुठाय?”

तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही, ते इथे देते. दोघींनी 2007 मध्ये कॅनडात टोरांटोला जाऊन लग्न केलं. 2009 मध्ये थिया गेली आणि अमेरिकेच्या केंद्र सरकारने ईडीकडून 3,63,053 डॉलर वारसाकर घेतला. थियाच्या जागी नवरा असता तर एक डॉलरही द्यावा लागला नसता. 40 वर्षांहून जास्त संसार, आणि सरकारच्या लेखी दोघी परक्या! ईडी कोर्टात गेली. 26 जून 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी तिच्या बाजूने निकाल दिला आणि केंद्राच्या कायद्यातली ‘लग्न म्हणजे फक्त स्त्री-पुरुषाचं’ ही व्याख्या रद्द झाली. माहितीपट या निकालाआधीचा आहे, तेव्हा हे तुम्हालाच सांगावं लागेल. सांगाच. ताई, कागदाचा हट्ट याच्यासाठी.

आणखी हवेत तर ‘फ्रीहेल्ड’ (2007) आहे. न्यू जर्सीतली पोलीस अधिकारी लॉरेल हेस्टर कॅन्सरने मरणाच्या दारात असताना आपलं पेन्शन जोडीदार बाईला मिळावं म्हणून भांडते. त्याला ऑस्कर मिळालं, पण पाहवत नाही. आईला मी अजून दाखवलेला नाही. इतिहासासाठी ‘नो सीक्रेट एनीमोर’ (2003) बघा. 1955 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत समलिंगी स्त्रियांची संघटना उभारणाऱ्या डेल मार्टिन आणि फिलिस लायन यांच्यावर आहे.

हे तिन्ही अमेरिकेतले आहेत. ईडीकडे पैसा होता, चांगले वकील होते, सगळ्यांकडे नसतात. आणि घरी मारहाणीची किंवा कोंडून ठेवण्याची भीती असेल, तर आत्ता कुणालाच काही दाखवू नका, एकट्यानेच बघा.