सोसायटीतली फायर सिस्टीम खरंच चालते का, हे रहिवाशांनी कसं तपासायचं?

तुमची कोथरूडची ११ मजली, १५ वर्षं जुनी इमारत; फॉर्म बी, म्हणजे फायर सिस्टीम चालू स्थितीत असल्याचा दाखला, वेळेवर मिळतो, तरी आग लागली तर ह्या लाल पाइपांतून पाणी येईल का, अशी शंका आहे. शंका रास्त आहे. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी घ्यावाच लागतो, पण पुष्कळ ठिकाणी माणूस येतो, आग विझवायच्या सिलिंडरवर नवं स्टिकर लावतो आणि जातो. पुढच्या वेळी त्याला सांगा, सही नंतर, आधी अकराव्या मजल्यावर पाणी दाखव.

सुरुवात पंपरूमपासून करा. पॅनेलवरचा सिलेक्टर स्विच ‘ऑटो’वर हवा. तो ‘ऑफ’ सापडला तर वॉचमनला रागावण्याआधी कारण शोधा. लाइनमध्ये दाब टिकवायला एक छोटा जॉकी पंप असतो. कुठल्यातरी मजल्यावरच्या व्हॉल्व्हचा वायसर गळत असेल किंवा एनआरव्ही (पाणी उलटं परत जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) नीट बसत नसेल, तर दाब सारखा उतरतो आणि जॉकी रात्रभर दर पाच मिनिटांनी घुरघुरतो. पहिल्या मजल्यावरचे लोक कुरकुर करतात, वॉचमन स्विच बंद करतो. गळती काढल्याशिवाय तो स्विच ‘ऑटो’वर राहणार नाही, कितीही नोटिसा लावा.

मग टाकीकडून पंपाकडे येणारा सक्शन व्हॉल्व्ह पाहा. टाकी धुताना तो बंद करतात आणि उघडायला विसरतात. फायरच्या टाकीत पाणी आहे का, हेही झाकण उघडून बघा. उन्हाळ्यात टँकर वेळेवर आला नाही की तेच पाणी वापरायला उपसलं जातं.

आता गेज, म्हणजे दाब दाखवणारा काटा. मजल्यागणिक साधारण ३ मीटर, म्हणजे दर मजल्याला सुमारे ०.३ किलो दाब खर्च होतो. ११ मजल्यांना ३.३ किलो नुसता चढायलाच लागतो. वर नोझलशी ३.५ किलो हवा, शिवाय पाइपातलं घर्षण. म्हणजे पंप चालू असताना पंपरूममधल्या गेजवर ७ किलोच्या आसपास दिसायला हवं. ४ वर काटा अडकला असेल तर वरच्या मजल्यांवर पाणी पोचेल असा भरवसा धरू नका. (काटा पंप बंद करून लाइन रिकामी केल्यावरही ४ वरच असेल तर गेजच मेलंय, ते बदलायला फार खर्च नाही.)

सर्वांत वरच्या मजल्यावरची होज रील (चाकावर गुंडाळलेली बारीक नळी) उघडून बघा, पण तेवढ्यावर समाधान मानू नका. रीलच्या बारीक नोझलला लागणारं पाणी एकटा जॉकी पुरवू शकतो, त्यामुळे मेन पंप बंद असला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. मेन पंप तपासायचा तर वरचा लँडिंग व्हॉल्व्ह (मजल्यावर लाल पाइपाला असलेला मोठा नळ) ६३ मिमीची होज जोडून उघडावा लागतो. ते काम एजन्सीच्या माणसांनीच करावं. त्या होजचा झटका एकट्याला आवरत नाही. दाब पडल्यावर मेन पंप आपोआप सुरू झाला पाहिजे, आणि बंद मात्र हातानेच करायचा असतो. हेच सगळं एकदा इमारतीचा मेन स्विच पाडून करा. आगीत पहिली तोडतात ती वीज. फायर पंपाची विजेची लाइन मेन स्विचच्या आधीपासून वेगळी घेतलेली नसेल तर पंपही त्याच क्षणी थांबेल. डिझेल पंप असेल तर दर आठवड्याला १० मिनिटं चालवा, कारण तो बहुतेक वेळा बॅटरीपायी दगा देतो. होज बॉक्स उघडून पितळी नोझल जागेवर आहे ना तेही बघा. भंगारात त्याला भाव चांगला मिळतो.

माझ्या मते मात्र जुन्या इमारतींत पाणी न येण्याइतकाच धोका वीजमीटरच्या जागेचा असतो. जिन्याखाली मीटर, त्याला खेटून दुचाक्या. घरोघरी एसी, गीझर वाढले, मंजूर लोड तोच राहिला; ढिली झालेली लग (वायरच्या टोकाचा धातूचा जोड) तापते, इन्सुलेशन वितळतं, शेजारच्या स्कूटरची टाकी पेटते आणि तो काळा धूर जिन्यातून थेट वर चढतो. मीटरसमोरचा मीटरभर पट्टा पिवळ्या रंगाने आखून गाड्या हटवा. संध्याकाळी लोड जास्त असताना परवानाधारक कंत्राटदाराकडून थर्मल कॅमेऱ्याने जोड तपासून घ्या. तिथे ४.५ किलोचा सीओटू सिलिंडर ठेवा. ई-स्कूटरचं चार्जिंग जिन्यापासून लांब, वेगळ्या लाइनवर, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीसह (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). लिथियम बॅटरी पेटली तर पावडरने ज्वाळा विझून पुन्हा भडकतात. तिथे शूरपणा नको, लांब व्हा.

जिन्यातले चपलांचे स्टँड आणि जुनी कपाटं काढायला वाद होतील, तरी काढा. जिन्यात धूर असेल तर बाहेर पडू नका: दार लावून फटीत ओले टॉवेल कोंबा आणि बाल्कनीत या. लिफ्ट नाही. बाल्कनीला ग्रिल असेल तर एक झडप उघडणारी हवी, किल्ली तिथेच टांगलेली.

गॅसचं थोडक्यात: सिलिंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, म्हणून दार उघडा, पाइपचा गॅस हलका, वर जातो, म्हणून वरची खिडकी. दोन्हीत कुठलंही बटण चालू किंवा बंद करायचं नाही. एलपीजी गळतीसाठी १९०६.

वॉचमन सिक्युरिटी एजन्सीचे, दर दोन महिन्यांनी बदलतात. म्हणून केबिनमध्ये लॅमिनेट केलेला एकच कागद मराठी-हिंदीत लावा: १०१ लावून आधी पत्ता आणि जवळची खूण, मग कोणता मजला, काय जळतंय, एकाने मुख्य रस्त्याच्या कोपऱ्यावर गाडीला वाट दाखवायला उभं राहायचं, पंपरूमची किल्ली कुठे. त्याच कागदावर चालता न येणाऱ्यांचे फ्लॅट नंबर, आणि प्रत्येकाला उतरवायची जबाबदारी घेतलेल्या शेजाऱ्याचा फ्लॅट. जमायची जागा गेटपाशी ठरवू नका, बंब तिथूनच आत येणार. गणपतीत मांडव घालतानाही तेवढी वाट मोकळी सोडा. १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. प्रात्यक्षिकासाठी अग्निशमन दलाला पत्र मार्चमध्येच द्या.