जुना साइडबोर्ड घ्यावा, पण ठेव मोडून नव्हे

आपल्या पत्राचा मथितार्थ असा, की जेवणाच्या खोलीसाठी आपल्याला शंभराहून अधिक वर्षांचा, महोगनीचा एक साइडबोर्ड, म्हणजे भिंतीलगत ठेवायचे खणांचे लांबट बैठे कपाट, मनापासून आवडला आहे. त्याची किंमत आपल्या घराच्या चार महिन्यांच्या खर्चाइतकी आहे आणि ती भागवण्यासाठी मुलीच्या उच्च शिक्षणाकरिता राखलेली, दोन वर्षांनी मुदत संपणारी ठेव मोडावी असे आपल्या मनात आहे. विक्रेत्याने दाखवलेल्या मूल्यांकनाच्या दाखल्यावर मागितलेल्या किमतीच्या दीडपट रक्कम लिहिलेली असल्यामुळे हा खर्च नसून गुंतवणूकच आहे, असे आपण म्हणता. आपल्या पतींना मात्र १९६० च्या सुमाराचा, दीड महिन्याच्या खर्चात बसणारा एक बुटका सागवानी साइडबोर्ड पसंत आहे.

माझे मत आधीच सांगतो. जुना साइडबोर्ड जरूर घ्यावा. पण तो घरातले सामान म्हणून, घरखर्चातून बाजूला काढलेल्या पैशांत घ्यावा. शिक्षणाच्या ठेवीला हात लावू नये.

प्रथम त्या दाखल्याविषयी. असे दाखले बहुधा विम्यासाठी केलेले असतात. वस्तू जळाली किंवा चोरीस गेली, तर तिच्यासारखी दुसरी दुकानातून आणायला किती पैसे पडतील, एवढेच त्यातून कळते. आपण ती विकायला निघालात तर हाती काय येईल, हा अगदी निराळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर दाखल्यातील आकड्याच्या निम्म्याहूनही कमी असू शकते. विक्रेत्याला एकच विचारावे: ‘पाच वर्षांनी हाच साइडबोर्ड आपण माझ्याकडून कितीला परत घ्याल, आणि ते लिहून द्याल का?’ त्या उत्तरातून आपल्याला दाखल्यापेक्षा कितीतरी अधिक समजेल.

आता हिशेब १०० च्या मापाने मांडून पाहू. लिलावात एखाद्या साइडबोर्डवर १०० ची बोली ठरली, तर लिलावगृहाचे खरेदीदाराकडून घेतले जाणारे शुल्क त्यावर चढते. ते २५ टक्के धरू. वाहतूक आणि किरकोळ दुरुस्तीचे १५ मिळवले, की वस्तू घरात येईपर्यंत १४० गेलेले असतात. तीच वस्तू पुन्हा १०० ला विकली गेली आणि विक्रीची दलाली १५ टक्के कापली गेली, तर हाती ८५ येतात. म्हणजे केवळ मुद्दल सुटण्यासाठी बोली जवळजवळ १६५ पर्यंत जायला हवी. भाव दरवर्षी ४ टक्क्यांनी वाढत राहिले, तरी त्याला सुमारे १३ वर्षे लागतात. आणि तेच १४० इतकी वर्षे ६ टक्क्यांनी चक्रवाढीने राहिले असते, तर त्यांचे जवळजवळ ३०० झाले असते. आपण तर लिलावात नव्हे, दुकानात घेत आहात, म्हणजे दुकानदाराचा नफाही आपल्याच किमतीत आहे.

शिवाय भाव वाढतीलच, ही धारणा या प्रकारच्या सामानाबाबत गेली दोन-अडीच दशके फोल ठरली आहे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातील गडद महोगनीच्या सामानाचे भाव या शतकाच्या आरंभापासून बरेच घसरले. कारण समजण्यासारखे आहे. साइडबोर्ड जन्मालाच आला तो मोठ्या घरांतल्या स्वतंत्र भोजनगृहासाठी. १७६० आणि १७७० च्या दशकांत ब्रिटनमधील वास्तुरचनाकार रॉबर्ट ॲडम यांच्या आराखड्यांत भिंतीलगतच्या मेजाच्या दोन्ही बाजूंना कलश ठेवलेले चौथरे असत. पुढे मेज आणि साठवण एकाच वस्तूत आली, आणि इंग्रज फर्निचर-कारागीर जॉर्ज हेपलव्हाइट यांच्या १७८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नमुनासंग्रहात खणांचा साइडबोर्ड दिसतो. आज घरे लहान झाली, जेवणाची खोली बैठकीला मिळाली आणि सहा-सात फूट लांबीच्या जड लाकडाला जागा उरली नाही. अभिरुची उद्या पुन्हा पालटेलही. पण मुलीच्या प्रवेशाची तारीख त्यासाठी थांबणार नाही.

हीच घसरण वापरणाऱ्याच्या मात्र पथ्यावर पडते, आणि म्हणूनच मी आपल्याला या खरेदीपासून परावृत्त करत नाही. नवा साइडबोर्ड घरात आला, की त्याची पुनर्विक्रीची किंमत झपाट्याने उतरते. जुन्याची ती उतरण आधीच्या मालकांनी सोसलेली असते. योग्य भावाने घेतलेला भरीव लाकडाचा साइडबोर्ड वीस वर्षे वापरून मूळ किमतीच्या काही हिश्शाला जरी विकला, तरी दर वर्षाचा खर्च अत्यल्प पडतो. माझ्या स्वतःच्या जेवणाच्या खोलीतही एक जुना साइडबोर्ड आहे. मी त्याला मालमत्तेच्या यादीत कधीच धरलेले नाही, पण त्याच्यावर खर्च झालेल्या पैशांची मला कधी हळहळ वाटलेली नाही.

किंमत ठरवण्यापूर्वी मात्र आपण सर्वांत खालचा खण पूर्ण बाहेर काढून उजेडात उलटा धरावा. पुढच्या आणि बाजूच्या फळीचा डव्हटेल सांधा, म्हणजे पंख्यासारखे पसरट दात एकमेकांत अडकवून केलेला जोड, हाताने कापलेला असेल, तर त्याचे दात किंचित लहानमोठे दिसतात. यंत्राचे दात एकसारखे असतात आणि ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढचे. तळफळीवर करवतीच्या कमानदार खुणा असतील, तर ते लाकूड गोल करवतीने कापलेले आहे. फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात वापरात आले. ते दिसले तर निदान तेवढा भाग नंतरचा आहे. मुठींच्या मागे बुजवलेली जुनी भोके आढळली, तर मुठी बदललेल्या आहेत. वरचा आरशाचा भाग आणि खालचे कपाट यांच्या पाठफळ्या रंगाने किंवा लाकडाच्या रेषांनी जुळत नसतील, तर दोन वेगळ्या वस्तू एकत्र केल्याचा संशय घ्यावा. कडेची छिद्रे ताजी असून खाली पिठासारखी भुकटी पडत असेल, तर कीड जिवंत आहे. यातील कोणत्याही दोषाने वस्तू वापरायला निकामी होत नाही, पण प्रत्येक दोषागणिक भाव उतरला पाहिजे. काही जुन्या साइडबोर्डांच्या खोल खणांना बाटल्या थंड ठेवण्यासाठी शिशाचा पत्रा लावलेला असतो. असा खण असल्यास त्यात ताटल्या, चमचे किंवा खाद्यपदार्थ ठेवू नयेत.

पतींच्या पसंतीचा साइडबोर्ड मला आर्थिकदृष्ट्या अधिक सोयीचा वाटतो. त्या काळच्या सागवानी सामानाला मागणी चांगली आहे आणि आकार आजच्या खोल्यांना शोभतो, त्यामुळे विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक लवकर मिळते. मात्र त्यातील बरेचसे सामान पातळ व्हिनिअरचे, म्हणजे दुसऱ्या लाकडावर चिकटवलेल्या लाकडी पापुद्र्याचे असते. कडा उडालेल्या असतील तर रंधा मारून ते सुधारत नाही. तो सागवानाऐवजी ब्राझिलियन रोझवुडचा निघाल्यास आणखी एक अडचण आहे. हे लाकूड १९९२ पासून सायटीस या, धोक्यातील वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात असल्यामुळे कागदपत्रांशिवाय ते देशाबाहेर विकता येत नाही.

पैशांची सोय मी अशी सुचवीन. आपत्कालीन निधी आणि शिक्षणाची ठेव जशीच्या तशी ठेवून पुढील सहा महिने घरखर्चातून ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात साठवावी. दीड महिन्याच्या खर्चाइतकी रक्कम जमली, की सागवानी साइडबोर्ड घ्यावा. महोगनीवरच मन बसले असेल, तर याच रकमेची मर्यादा घालून लिलावांत तशा वस्तू पाहाव्यात. आजच्या बाजारात ती मर्यादा पुरेशी ठरण्याची चांगली शक्यता आहे. मर्यादेत लिलावगृहाचे शुल्क, वाहतूक आणि सुताराची मजुरी धरूनच बोलीचा आकडा ठरवावा, आणि लिलावाच्या दिवशी तो कागदावर लिहून सोबत न्यावा.

दोहोंपैकी कोणताही घेतलात, तरी बयाणा देण्यापूर्वी खोलीच्या भिंतीबरोबर दाराची चौकट आणि जिन्याचे वळणही मोजून घ्यावे, आणि साइडबोर्डचा वरचा भाग सुटा होतो की नाही ते विक्रेत्यासमोर पाहून घ्यावे.