आधी लिहून घे, मग दुरुस्त कर

अगं,

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला. एवढा लांबलचक मेसेज मला फक्त सोसायटीचे सेक्रेटरी पाठवतात, तरी तीनदा वाचला. व्हॉट्सॲपवर उत्तर टाइप करत बसले तर अंगठा दुखेल, म्हणून हे पत्रच समज.

म्हणजे दोन दिवस फ्रेंच लिंग्विस्टिक्स आणि डिडॅक्टिक्सचं, म्हणजे भाषाशास्त्र आणि भाषा शिकवण्याच्या शास्त्राचं, वर्कशॉप केलंस आणि घरी येऊन पहिलं काम काय, तर नोकरीच्या साइटवर बायोडेटा टाकलास. कारण तिथे सगळ्यांच्या तोंडी बेनव्हेनिस्त आणि क्युलियोलीसारखे मोठे फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ, आणि तुझ्याकडे काय तर शनिवार-रविवारची ए-वनची, अगदी सुरुवातीच्या पातळीची बॅच, त्यात चौदा मुलं. प्रश्न विचारायला उठलीस तर कोणीतरी सगळ्यांदेखत तुझा 'त्यू'चा, फ्रेंचमधल्या 'तू'चा, उच्चार सुधारला, मागची रांग हसली. गाईड म्हणतात थिअरीतलं काहीतरी घे, आणि खराडीची कंपनी म्हणते सोमवारपासून ये.

नोकरी घ्यायची तर घे, घरभाडं काही डिझर्टेशनवर भरता येत नाही. मला राग आला तो एकाच वाक्याचा. 'मॅडम, माझ्याकडे डेटाच नाहीये.' अगं चौदा मुलं दर शनिवारी तुझ्यासमोर तीन तास बसून चुकतायत आणि तुझ्याकडे डेटा नाही? काय करतेस त्या चुकांचं? लगेच दुरुस्त करतेस, आणि मूल 'सॉरी मॅम' म्हणतं की संपलं. माहितीये मला, मीच तुला तसं शिकवलंय.

म्हणून आता उलटं सांगते आणि पत्रभर हेच सांगणारे. आधी लिहून घे, मग दुरुस्त कर.

माझ्या वर्गात एक मुलगी होती, बारामतीकडची, हुशार, पण हट्टी. उन्हाळ्याचे दिवस, लाइट गेलेली, तिने उठून खिडकी उघडली आणि जागेवर येऊन ऐटीत म्हणाली, 'झे ऊव्हेर्त ला फनेत्र.' मी म्हणलं, 'ऊव्हेर. त कशाला लावतेस?' सॉरी मॅडम. पुढच्या आठवड्यात परत ऊव्हेर्त. मग दुसऱ्या एकाने चिठ्ठी लिहिली तर 'झे एक्रीत ला लेत्र'. मी आपली लाल पेनाने त त कापतेय, आणि स्टाफरूममध्ये जाऊन सांगतेय की मुलं निष्काळजी आहेत. चार-पाच वर्षं तरी हे चाललं असेल. आणि मग एक दिवस घरात मुलावर ओरडताना माझ्याच तोंडातून आलं, 'मी खिडकी उघडली होती, कोणी लावली?' आणि मी ओरडायची थांबले. उघडली. खिडकी म्हणून उघडली, दरवाजा असता तर उघडला, दार असतं तर उघडलं, मी बाई आहे की पुरुष याच्याशी त्या क्रियापदाला काही देणंघेणं नाही, ते भूतकाळात कर्माच्या मागे जातं. ती पोरगी निष्काळजी कुठे होती, ती मराठीचा नियम इमानदारीत फ्रेंचमध्ये चालवत होती!

आणि गंमत बघ, फ्रेंचमध्ये ही सोय आहे की. स्त्रीलिंगी कर्म आधी आलं तर तो स्त्रीलिंगाचा 'त' हवाच, 'ला फनेत्र क झे ऊव्हेर्त', मी उघडलेली खिडकी. कर्म नंतर आलं की नको. हा नियम सोळाव्या शतकातल्या क्लेमाँ मारो नावाच्या कवीने इटालियनकडे बोट दाखवून रुजवला असं मानतात, आणि फ्रेंच मुलंही त्यावर अजून रडतात. २०१८ मध्ये बेल्जियममधल्या दोन माजी शिक्षकांनी तर जाहीर मागणी केली की 'आव्ह्वार' या सहायक क्रियापदाबरोबरचं हे सगळं प्रकरणच बंद करा. म्हणजे जिथे फ्रेंच माणूस अडखळतो तिथे आपल्या मुलांकडे आईच्या दुधाबरोबर आलेलं काहीतरी आहे, आणि मी ते लाल पेनाने कापत होते.

आता तू म्हणशील की मग झालं, सापडलं उत्तर. नाही ना झालं! खिडकी आणि फनेत्र दोन्ही स्त्रीलिंगी, चिठ्ठी आणि लेत्र दोन्ही स्त्रीलिंगी. मग ते मूल मराठीच्या लिंगामागे जातंय की फ्रेंचच्या, यातून कसं कळणार? त्यासाठी लिंग न जुळणारी जोडी पाहिजे, आणि फरक कानाला ऐकू आला पाहिजे. टोपी घे. आपली टोपी स्त्रीलिंगी, 'शापो' पुल्लिंगी. शर्ट पुल्लिंगी, 'शमीझ' स्त्रीलिंगी. मुलांना म्हण, टोपी घाला आणि काय केलं ते सांगा, शर्ट घाला आणि सांगा. 'मी टोपी घातली' याला 'झे मी ल शापो' म्हणतायत की स्त्रीलिंगी करून 'झे मीझ ल शापो'? मीझ आलं तर डोक्यात मराठी टोपी आहे. नुसतं 'मी' आलं तर अजून काही सिद्ध होत नाही, शर्टाचं काय येतं ते बघायचं. आणि शर्टाला मीझ आलं तर मूल फ्रेंचचं लिंग शिकलंय पण जुळवायची सवय मराठीचीच आहे. दोन कपडे आणि एक वही, एवढ्यावर तुझा अख्खा चॅप्टर उभा राहतो, आणि तू खराडीला जायच्या गोष्टी करतेस.

माझ्याकडे याचं उत्तर असायला हवं होतं. वीसेक वर्षांच्या उत्तरपत्रिका आणि निबंधाच्या वह्या होत्या, माळ्यावर दोन पोती. घर बदललं तेव्हा रद्दीवाल्याला दिल्या, त्याने काट्यावर तोलल्या, आणि मी सुट्टे पैसे मोजून घेतले. तेव्हा बरंच वाटलं, माळा रिकामा झाला म्हणून.

थिअरी नको असं मी म्हणत नाहीये, गाईडना तसं सांगू नकोस. कॉर्डरने १९६७ मध्येच लिहून ठेवलंय की शिकणाऱ्याच्या चुकीतून तो कुठवर पोचलाय ते कळतं, १९७२ ला सेलिंकरने शिकणाऱ्याच्या घरच्या आणि शिकायच्या भाषेमधल्या त्या भाषेला इंटरलँग्वेज नाव दिलं. वाच की दोन्ही, दोन रविवारचं काम आहे. पण बघ, मोठी म्हणतो ती माणसंही आधी ऐकून लिहीतच बसली होती. फ्रान्समध्ये एक्साँप्रोव्हाँसला क्लेर ब्लांश-बेनव्हेनिस्त या भाषाशास्त्रज्ञ बाईंची टीम बोलीतलं फ्रेंच उतरवून घ्यायची तेव्हा स्वल्पविराम, पूर्णविराम काही द्यायची नाही, कारण विराम टाकला की तुम्ही त्या माणसाचं वाक्य स्वतःच्या मनाने तोडलंत. विरामाचीसुद्धा दुरुस्ती नाही! आणि सोस्यूर, आधुनिक भाषाशास्त्राचा जनक, ज्याचं नाव ऐकून तुला धडकी भरते, त्याने डॉक्टरेट केली होती संस्कृतमधल्या सत् षष्ठी या वाक्यरचनेवर, आणि ज्या पुस्तकामुळे तो सोस्यूर झाला ते १९१६ चं पुस्तक त्याने लिहिलेलंच नाही. तो १९१३ ला गेला, मग बाली आणि सेशए या दोघांनी मुलांनी वर्गात उतरवलेल्या वह्या गोळा करून ते छापलं. मुलांनी तेव्हा लिहून घेतलं नसतं तर तुमच्या वर्कशॉपात दोन दिवस काय केलं असतं सगळ्यांनी? चहा प्यायला असता.

आपल्याकडचंच सांगायचं तर झ्यूल ब्लॉक नावाच्या फ्रेंच माणसाने मराठी कशी घडली यावर अख्खा ग्रंथ फ्रेंचमध्ये लिहिला, १९२० ला छापून आला. तो पॅरिसचा माणूस मराठीकडे एवढा बघतो आणि आपण फ्रेंचच्या वर्गात मराठीचा शब्द निघाला की दचकतो.

यावरून माझं एके ठिकाणी भांडण झालंय, नाव घेत नाही. कोऑर्डिनेटर दाराच्या काचेतून बघायच्या आणि मी 'व्यक्ती' शब्द फळ्यावर लिहिला म्हणून नंतर बोलावून झापलं, की फ्रेंचच्या वर्गात फ्रेंचच. मी शिकवत होते 'पेर्सॉन'! माणूस पुरुष असला तरी ती पेर्सॉन स्त्रीलिंगीच, आणि आपली व्यक्तीसुद्धा 'ती व्यक्ती'च, मिशा असल्या तरी. एका शब्दात काम झालं, मुलं हसली आणि त्यातलं एकही परत चुकलं नाही. पुढच्या टर्मला मला ती बॅच मिळाली नाही. मी बरोबर होते, आजही म्हणते. भांडण्याची पद्धत चुकली असेल कदाचित, पण मुद्दा बरोबर होता.

माझ्या पीएचडीबद्दल लोक काय काय सांगतात ते तुझ्या कानावर आलंच असेल. सासूबाईंचं आजारपण होतं, तीन बॅच होत्या, हे सगळं खरंय. पण दोन चॅप्टर झाल्यावर मला दिसायला लागलं होतं की माझ्या प्रबंधातलं एकूण एक उदाहरण पॅरिसच्या पुस्तकातून उचललेलं आहे. माझ्या कानाने ऐकलेलं एकही नाही. तिसऱ्या चॅप्टरला काय लिहू तेच कळेना. नाहीतर सोडली नसती, म्हणजे, बॅच होत्याच, पण सोडली नसती.

अजून एक सांगते आणि मग कामाचं बोलू. गोव्याची एक मुलगी आली होती, पहिल्याच दिवशी 'पँ', म्हणजे पाव, इतका सुरेख म्हणाली, नाकातून, मागे 'न' नाही की 'ङ' नाही. बाकीचे सगळे 'अन बॉन व्हान ब्लान' करत होते. मी म्हणलं, वा, कान चांगलाय तुझा. कान कसला! ती घरी दिवसभर 'मी'ला 'हांव' म्हणते, तिच्या कोकणीत नाकातले स्वर अजून जिवंत आहेत. आपल्या प्रमाण मराठीत अनुस्वार आला की पुढच्या अक्षराचा न-म होऊन बसतो. मी शाबासकी दिली आणि विसरले, लिहिलं काहीच नाही.

तर या शनिवारपासून. वहीत तारीख, मुलाचं आद्याक्षर, घरची भाषा, आणि वाक्य जसं ऐकलंस तसं, देवनागरीत लिही हवं तर, रोमनमध्ये लिहिताना हात आपोआप सुधारतो. रेकॉर्ड करायचं तर मुलांना विचारून, लहान असतील तर आईवडलांची सही घेऊन. शब्दांची यादी वाचून घे, एक परिच्छेद वाचून घे आणि मग मोकळ्या गप्पा मार. १९९९ पासून पीएफसी या फ्रेंच उच्चारांच्या संशोधन प्रकल्पातले लोक ठिकठिकाणच्या फ्रेंचसाठी साधारण हेच करत आलेत, तू काही जगावेगळं करत नाहीयेस. रेकॉर्ड केलेला आवाज तपासायचं प्रात नावाचं सॉफ्टवेअर फुकट डाउनलोड होतं. पण आधी वही. सॉफ्टवेअर शिकण्यात तीन महिने घालवून वही कोरी ठेवणारे मी बघितलेत.

कंपनीत गेलीस तरी हे होतंच. आफ्रिकेतून फ्रेंचमध्ये फोन येतील, क्यूबेकमधून येतील, कान उघडा ठेव. फक्त तिथलं रेकॉर्डिंग घरी आणू नकोस, हाकलतील.

आणि तो 'त्यू'. कौन्सिल ऑफ युरोपने ए-वन, बी-टू या पातळ्या ठरवणाऱ्या चौकटीच्या २०२० च्या आवृत्तीत नेटिव्ह स्पीकरची मोजपट्टी वर्णनांमधून काढून टाकलीये, त्या हसणाऱ्यांना कळवलं नसावं कोणी. पण तुझा 'त्यू' खरंच 'तू'कडे झुकतो हां, जीभ पुढे आणत नाहीस. हसले म्हणून रडलीस ते ठीक, पण तू स्वतः नक्की काय म्हणालीस ते लिहून घेतलंस का? नसशील घेतलं. तीच पहिली नोंद कर.

टोपी आणि शर्ट दोन्ही घेऊन जा वर्गात. संध्याकाळी फोन कर, पण सातनंतर, त्याआधी माझी बी-टू असते.

तुझी
मॅडम

ता. क. बेनव्हेनिस्त दोन आहेत. एमिल वेगळा, क्लेर ब्लांश वेगळी. तुझ्या मेसेजमध्ये तू दोघांचं एक केलंयस. हे मात्र आत्ताच दुरुस्त कर.