सातत्य टिकत नाही, म्हणजे श्रद्धाच कच्ची?

हाती घेतलेलं काहीच तडीला जात नाही, ही तक्रार समुपदेशक म्हणून माझ्याकडे नेहमी येते. बहुतेक जण तिचा दोष आळसाला देतात. पंचेचाळिशीतल्या एका गृहस्थांनी मात्र तो थेट श्रद्धेवर ढकलला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

वडील गेल्यावर त्यांनी दोन संकल्प एकदमच केले: पहाटे तासभर प्रार्थना आणि लगेच धावणं. दर वेळी सुरुवात जोरात व्हायची. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नडग्या दुखायला लागायच्या, धावणं थांबायचं आणि पाठोपाठ प्रार्थनाही. मग काही महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून. "मॅडम, एवढी साधी गोष्ट जमत नाही, म्हणजे देवालाच माझं काही नको असेल. नाहीतर माझाच विश्वास खोटा असेल," असं ते अगदी शांतपणे म्हणाले. त्या शांतपणाचीच मला जास्त काळजी वाटली.

म्हणून आधी झोप, भूक, कामातलं लक्ष, घरच्यांशी बोलणं यांची चौकशी केली. दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि तिथे चिकाटीचे धडे देणं हा अन्याय ठरतो. अशा वेळी डॉक्टरांकडेच जायला हवं. यांचं तसं नव्हतं. वडिलांची आठवण निघाली की डोळे भरत, पण दिवस नीट चालले होते.

मग मी त्यांच्या फोनमधल्या धावण्याच्या नोंदी पाहायला मागितल्या. ते गोंधळले. श्रद्धेचा प्रश्न घेऊन आलेल्या माणसाला समुपदेशक किलोमीटर विचारते, हे त्यांना विचित्र वाटलं असणार. पण उत्तर तिथेच होतं. कित्येक महिन्यांच्या खंडानंतर पहिल्याच दिवशी 5 किलोमीटर, तेही दम लागेपर्यंत. दुसऱ्या दिवशी तेवढंच, तिसऱ्या दिवशी त्याहून वेगात. विश्रांतीचा दिवस एकही नाही.

नव्याने धावू लागलेल्या माणसाची गंमत अशी, की हृदय आणि श्वास काही आठवड्यांत सुधारतात, पण स्नायूबंध आणि हाडं यांना महिने लागतात. ताण पडला की हाड आधी झिजलेला भाग काढून टाकतं आणि मग तिथे नवं भरतं. या दोहोंच्या मधल्या काळात ते थोडं कमजोरच असतं. म्हणजे छाती म्हणते "अजून पळ" आणि नडगी म्हणते "थांब", तो नेमका तिसरा-चौथा आठवडा. हे ऐकून गृहस्थ बराच वेळ गप्प होते. ज्याला ते देवाचा नकार समजत होते, तो त्यांच्या वेगाचा हिशेब होता.

आधी नडग्या डॉक्टरांना दाखवून घ्या, असं मी सांगितलं. हाडावर एकाच जागी बोट ठेवल्यावर कळ येत असेल, तर दात-ओठ खाऊन धावणं ही चिकाटी नव्हे. त्यातून हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. सुदैवाने तसं काही निघालं नाही. मग ठरलं ते असं: एक दिवसाआड धावायचं, मध्ये मध्ये चालायचं आणि वेग असा ठेवायचा की पूर्ण वाक्य न धापता बोलता यावं.

"इतकं हळू? ही तर स्वतःचीच फसवणूक," ते म्हणाले. पुढच्या भेटीत त्यांनी मला फोनवर 1968 च्या मेक्सिको ऑलिम्पिकमधला टांझानियाचा धावपटू जॉन स्टीफन अखवारी दाखवला. पडून गुडघा दुखावलेला असूनही विजेत्यानंतर तासाभराहून अधिक वेळाने, सर्वांत शेवटी त्याने मॅरेथॉन पूर्ण केली होती. "चिकाटी ही!" प्रसंग थोर आहेच. पण अशा चित्रफितींवर माझा थोडा राग आहे, कारण त्या फक्त तो एक दिवस दाखवतात. 1970 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत याच माणसाने मॅरेथॉनमध्ये पाचवा क्रमांक मिळवला, ते कुणी दाखवत नाही. तो मुळातच कसलेला धावपटू होता. लंगडत पूर्ण केलेल्या शर्यतीमागे न लंगडता केलेला वर्षानुवर्षांचा सराव होता.

वाक्य बोलून पाहण्याची युक्ती पुढे त्यांनी स्वतःच बदलली. रस्त्यात एकट्याने काय बोलायचं, म्हणून ते वडिलांनी शिकवलेली प्रार्थना पुटपुटू लागले. ओळ मध्येच तुटली की वेग कमी करायचा. ही कल्पना माझी नाही, आणि मला ती सुचलीही नसती. दोन संकल्प एकमेकांना ओढून खाली पाडत होते, ते आता एकमेकांना सावरू लागले. घरातली तासभराची प्रार्थनाही आम्ही दहा मिनिटांवर आणली. त्यासाठी मात्र बरीच घासाघीस झाली, कारण कमी वेळ म्हणजे कमी भक्ती, हे गणित त्यांच्या डोक्यात पक्कं होतं.

खंड पडला तर काय, ही भीती उरलीच. सवयी कशा लागतात यावर लंडनमधल्या संशोधकांचा एक अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. त्यात सवय अंगवळणी पडायला माणसागणिक 18 ते 254 दिवस लागतील असं दिसलं, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही असंही. मी त्यांना एवढंच बजावलं, की चुकलेला दिवस भरून काढायला दुसऱ्या दिवशी दुप्पट धावायचं नाही. प्रार्थनेलाही तोच नियम.

"पण प्रार्थनेत काहीच जाणवत नाही, त्याचं काय?" हे त्यांनी नंतर एकदा विचारलं. देव ऐकतो की नाही, हा माझा प्रांत नाही. त्यासाठी त्यांच्या श्रद्धेतल्या जाणत्या माणसाकडे जावं, असं मी सांगितलं आणि ते गेलेही. माझ्या बाजूने मी इतकंच म्हणाले, की हाड भरत असतानाही काही जाणवत नाही.

मध्यंतरी तापामुळे त्यांचं धावणं आणि प्रार्थना दोन्ही पंधरवडाभर बंद होतं. बरं वाटल्यावर त्यांनी चालण्यापासून पुन्हा सुरुवात केली. मला हे कळलं ते पुढच्या भेटीत, मुलीच्या परीक्षेबद्दल बोलता बोलता.